वीस हजारांत व्हीआर : काय फुकट तपासायचे, कशाला पैसे द्यायचे

प्रश्न : आम्ही चौघे शिरपूरला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहोत. प्रकल्प म्हणून ‘शिरपूर पॅटर्न’ व्हीआरमध्ये दाखवतोय. डोळ्यांवर चष्मा चढवला की माणूस नाल्याच्या काठावर उभा राहतो, मग जमिनीखाली उतरतो आणि बंधाऱ्यात अडलेलं पाणी थराथरांतून विहिरीकडे कसं सरकतं ते बघतो. वेबवर चालेल असं विंडोजच्या लॅपटॉपवर बनवलंय. पण आमच्या गाइडचं म्हणणं आहे की विंडोज, लिनक्स, मॅक, अँड्रॉइड, आयफोन अशा पाचही ठिकाणी चालल्याचं दाखवा. चौघांचे मिळून वीस हजार रुपये आहेत. मॅक कोणाकडेच नाही. हेडसेट कोणता घ्यावा?
— चार विद्यार्थी, शिरपूर

उत्तर : कोणताच घेऊ नका. निदान आत्ता तरी नको. मेटाचा क्वेस्ट थ्री-एस २०२४ साली अमेरिकेत २९९ डॉलरला बाजारात आला. रुपयांत धरले तर ते पंचवीस हजारांच्या घरात जातात, वर तो इथवर आणण्याचा खर्च वेगळाच. म्हणजे पुंजी पहिल्याच दिवशी संपणार, वर उसनवारी होणार आणि हातात येणार एकच यंत्र, तेही अँड्रॉइडवर बेतलेल्या प्रणालीवर चालणारे. बाकीचे चार प्रश्न जागच्या जागी राहतात.

विषय मात्र नेमका निवडलात. २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर आणि आमदार अमरीश पटेल यांनी तालुक्यात नाले रुंद आणि खोल करून त्यांवर सिमेंटचे बंधारे घालण्याचे जे काम उभे केले, त्यातला खरा भाग डोळ्यांना दिसतच नाही. पाहुणे येतात, भरलेला नाला बघतात, फोटो काढतात आणि जातात. तालुक्यात कुठे तापीच्या गाळाचा जाड थर आहे तर कुठे काळा बेसाल्ट. पाणी एकात कसे मुरते आणि दुसऱ्यात कसे अडते, हे फळ्यावर काढून दाखवणे अवघड. जमिनीखाली उभे राहून पाहण्यासारखीच ती गोष्ट आहे. उगाच दिवाणखाना आणि सोफा दाखवणाऱ्या व्हीआरपेक्षा हे शंभरपट बरे.

आता मुद्द्यावर येऊ. तुमच्या कार्यक्रमात चुका असणारच. त्यांतल्या बहुतेक कोणत्याही जुन्या संगणकावर, हेडसेटशिवाय, फुकटात सापडतात. काही चुकांना खरा फोन लागतो आणि थोड्याशा चुका खऱ्या माणसाच्या मानेवर आणि पोटातच सापडतात. वीस हजार त्या शेवटच्या दोन प्रकारांसाठी राखून ठेवा. अनेक जण नेमके उलट करतात. महागडे यंत्र आधी घेतात आणि त्यावर फाइलच्या नावातली चूक शोधत बसतात.

पाचही ठिकाणी ‘चालले पाहिजे’ म्हणजे काय चालले पाहिजे, हे गाइडसोबत आधी कागदावर ठरवून घ्या. व्हीआरच्या जगात सगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम एका पंक्तीला कधीच बसल्या नाहीत. ऑक्युलसने मे २०१५ मध्ये मॅक आणि लिनक्सवरचे काम थांबवले आणि सारा भर विंडोजवर दिला. व्हॉल्वच्या स्टीमव्हीआरने २०१७ मध्ये मॅकला आत घेतले आणि २०२० मध्ये बाहेर काढले. प्रत्येक हेडसेटची तऱ्हा वेगळी, त्यावर उतारा म्हणून क्रोनोस या संस्थेने जुलै २०१९ मध्ये ओपनएक्सआर हे सामाईक मानक आणले. युनिटी किंवा गोडोमध्ये काम करणाऱ्यांनी आज त्याच मानकावर राहावे. तुम्ही वेबवर आहात, म्हणजे तुमचे मानक वेबएक्सआर. निवड शहाणपणाची आहे, कारण फोनवर ॲप चढवायचे म्हटले की गूगल प्लेला एकदाच २५ डॉलर आणि ॲपलला दरवर्षी ९९ डॉलर मोजावे लागतात. वेबच्या पानाला दाराशी कोणी पैसे मागत नाही.

पण वेबएक्सआर सगळीकडे सारखेच मिळते असे नाही. नेहमीच्या क्रोममधून हेडसेट जोडण्याची सोय संगणकांपैकी प्रामुख्याने विंडोजवरच आहे. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये फोन बसवायच्या पुठ्ठ्याच्या चष्म्यासाठी ती मिळते. आयफोनच्या सफारीत नाही, आणि आयफोनवर क्रोम टाकलात तरी आपल्याकडे आतून सफारीचेच इंजिन चालते. म्हणून पाच ठिकाणांसाठी तीन वेगवेगळ्या अपेक्षा लिहा. विंडोज आणि अँड्रॉइडवर पूर्ण व्हीआर. लिनक्स आणि मॅकवर माउसने फिरवता येणारे साधे त्रिमितीय दृश्य. आयफोनवर दुभागलेला पडदा आणि फोन वळवला की वळणारे दृश्य, हेडसेटच्या मानकाशिवाय. ही पळवाट नाही. मोठ्या कंपन्याही हेच करतात, फक्त त्याला भारदस्त नाव देतात.

हेडसेटशिवाय तपासणी कशी? क्रोमसाठी मेटाचे ‘इमर्सिव्ह वेब एम्युलेटर’ नावाचे फुकट एक्स्टेन्शन आहे. ते ब्राउझरला पटवते की क्वेस्ट जोडलेला आहे. मग माउसने डोके फिरवा, हातातले कंट्रोलर हलवा, बटणे दाबा. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये सेन्सर्स म्हणून एक कप्पा आहे, तिथे फोन तिरका-उभा केल्याचे सोंग करता येते. पुढे कधी युनिटीकडे वळलात तर मेटाचा एक्सआर सिम्युलेटर विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतो. लिनक्सवर मोनाडो नावाचा मुक्तस्रोत रनटाइम आहे आणि त्यात चक्क कीबोर्ड-माउसने हलवता येणारा खोटा हेडसेट मिळतो. मला यातला मोनाडो सर्वांत आवडतो, कारण तो आतून वाचता येतो. विद्यार्थ्याला त्याचा उपयोग हेडसेटपेक्षाही जास्त आहे.

लिनक्ससाठी वेगळा संगणक नको, एक पेनड्राइव्ह पुरे. त्यावर उबुंटू चढवा आणि त्याच लॅपटॉपवर त्यातून सुरू करा. विंडोजच्या आत व्हर्च्युअल मशीन उघडून तपासू नका. तिथे ग्राफिक्स कार्ड नीट पोचत नाही आणि दृश्य रखडले की दोष तुमचा की मशीनचा, हे कळत नाही. लिनक्सशी अजून ओळख नसेल तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये लिनक्सचे आणि ब्लेंडरचेही धडे मराठीतून फुकट आहेत.

लिनक्सवर पहिल्याच फेरीत बहुधा एक गंमत होईल : बंधारा गायब. कारण कोडमध्ये चित्राचे नाव लहान अक्षरांत लिहिलेले असते आणि फाइलचे पहिले अक्षर मोठे असते. विंडोज तिकडे काणाडोळा करते, मॅकही बहुतेक वेळा करतो, लिनक्स करत नाही. तुमचे पान शेवटी ज्या सर्व्हरवर जाणार तोही बहुधा लिनक्सच असणार, त्यामुळे ही चूक आज सापडली तर प्रदर्शनाच्या दिवशी नाक कापले जाणार नाही.

मॅकचा प्रश्न तुम्हाला वाटतो तेवढा मोठा नाही. विंडोजच्या यंत्रावर मॅकची प्रणाली बसवण्याचे व्हिडिओ खूप सापडतील, त्या फंदात पडू नका. ॲपलच्या परवान्यानुसार ती फक्त ॲपलच्याच संगणकावर चालवता येते. त्याऐवजी कोड गिटहबवर सार्वजनिक ठेवा. सार्वजनिक कामासाठी गिटहब ॲक्शन्स विंडोज, उबुंटू आणि मॅक अशी तीनही यंत्रे फुकट देते. प्रत्येक बदलानंतर पान तिन्हींवर आपोआप उघडावे, जमिनीखालच्या एका ठरलेल्या जागेवरून चित्र टिपावे आणि कालच्या चित्राशी ताडावे, एवढे एकदा लिहून ठेवा. त्या फुकट यंत्रांत सहसा खरे ग्राफिक्स कार्ड नसते. ती बहुधा प्रोसेसरवरच चित्र काढतात, म्हणून वेग किती हे त्यांना विचारू नका. चित्र बरोबर आले का, एवढेच विचारा. खऱ्या मॅकवर एकदा नजर टाकायची तर अख्ख्या शिरपुरात तासभर मॅक देणारा कोणी ना कोणी निघेल. आर. सी. पटेल आणि एनएमआयएमएस अशी दोन नावे जिथे आहेत, तिथे मॅक बाळगणारे प्राध्यापक सापडणे कठीण नाही.

फोनवर गेल्यावर पहिला अडथळा विचित्र असेल. लॅपटॉपवर व्हीआरचे बटण दिसते, तेच पान वायफायवरून फोनमध्ये उघडले की बटणच नाही. कारण वेबएक्सआर फक्त सुरक्षित पत्त्यावर, म्हणजे एचटीटीपीएसवर चालते. लॅपटॉपला स्वतःचा पत्ता सुरक्षित वाटतो, फोनला तो परका वाटतो. केबलने फोन जोडून एडीबी या अँड्रॉइडच्या साधनातली ‘रिव्हर्स’ची एक ओळ चालवा, की फोनलाही तो आपलाच वाटू लागतो. नाहीतर सरळ गिटहब पेजेसवर पान ठेवा, तिथे सुरक्षित पत्ता फुकट मिळतो. आयफोनवर आणखी एक पेच आहे. २०१९ च्या आयओएस १३ पासून फोनच्या हालचालीची माहिती हवी असेल तर वापरणाऱ्याने बोटाने दाबून परवानगी द्यावी लागते. तेव्हा ‘सुरू करा’ असे एक मोठे बटण ठेवा आणि परवानगी तिथेच मागा. हे केले नाही तर आयफोनवर नाला दिसेल, पण मान वळवून काहीच होणार नाही.

आता ज्या चुकीची तुम्ही पत्रात दखलही घेतलेली नाही, पण जी तुम्हाला सर्वांत जास्त छळणार आहे, तिच्याकडे वळतो : मराठी अक्षरे. त्रिमितीय दृश्यात अक्षरे लिहिणारी बरीच साधने इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून बनली आहेत. ती एकामागून एक अक्षर ठेवत जातात. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी लिहिली जाते अक्षराच्या आधी, पण संगणकात साठवली जाते नंतर. अक्षरांची मांडणी जाणणारे इंजिन नसले की ‘शिरपूर’च्या पाटीवर ‘शरिपूर’ उमटते. जोडाक्षरांचे पाय मोडतात, रफार भलत्याच डोक्यावर बसतो. युनिटीच्या टेक्स्टमेशप्रोचा हा जुना दोष आहे. वेबवरच्या ए-फ्रेमच्या मूळ फाँटात तर देवनागरी अक्षरेच नाहीत, पाटी कोरी राहते. गोडो ४ मध्ये मात्र हार्फबझ हे मांडणीचे इंजिन आत असल्याने तिथे मराठी सरळ उमटते.

तुमच्यासाठी सोपा उपाय असा. पाटीवरचा मजकूर ब्राउझरच्या कॅनव्हासवर लिहा आणि ते चित्र त्रिमितीय पाटीवर चिकटवा. कॅनव्हासवर लिहिताना ब्राउझरचे स्वतःचे इंजिन वापरले जाते आणि त्याला देवनागरी येते. फाँट मात्र पानासोबत पाठवा. विंडोजवर निर्मला किंवा मंगल असतो, मॅकवर दुसराच, अँड्रॉइडवर नोटो. प्रत्येक ठिकाणी ओळीची लांबी बदलते आणि ‘पुनर्भरण’ हा शब्द पाटीबाहेर लोंबकळतो. शिवाय फाँट येण्याआधीच चित्र काढले गेले तर पहिल्या वेळी अक्षरे भलत्याच फाँटात दिसतात आणि दुसऱ्या वेळी सगळे ठीक, म्हणजे दाखवायला गेलो की सापडत नाही असली चूक. तपासणीसाठी एक खास पाटी करा : ‘शिरपूर, अर्थे, विहीर, पुनर्भरण, सिंचन, दऱ्याखोऱ्या’. या एका ओळीत वेलांटी, रफार आणि अर्धा र सगळे येते. गिटहबवर जे चित्र ताडायचे ते याच पाटीचे असू द्या.

उरले खरे यंत्र. इथे पैसे लावा, पण जपून. २०२३ मध्ये जिओने आयपीएलच्या निमित्ताने जिओडाइव्ह नावाचा फोन बसवायचा चष्मा १,२९९ रुपयांना आणला होता. तसा एखादा चष्मा आणि पुठ्ठ्याचे एक-दोन डबे घ्या. गूगलने कार्डबोर्ड विकणे २०२१ मध्ये थांबवले, पण त्याचे आराखडे खुले आहेत आणि त्या धर्तीचे डबे काही शे रुपयांत मिळतात. मग एक वापरलेला, जरा जुना अँड्रॉइड फोन घ्या. घेताना दुकानातच बघा की त्यात जायरोस्कोप आहे का. स्वस्त फोनांत तो अनेकदा नसतो. मग यूट्यूबचा ३६० अंशांचा व्हिडिओ फोन फिरवल्यावर फिरत नाही किंवा दचके देत फिरतो. तुमच्या प्रेक्षकांपैकी बऱ्याच जणांकडे असेच फोन असतील, म्हणून जायरो नसेल तर पानाने ते ओळखून बोटाने फिरवायची सोय द्यावी. चौघांच्या घरचे फोन धरले तर तुमच्याकडे न विकत घेतलेली एक बरी प्रयोगशाळा आधीच आहे.

आणि तपासणी दुपारी करा. हे मी गमतीने सांगत नाही. ॲपल आयफोनसाठी सांगते ती वापराच्या तापमानाची कमाल मर्यादा ३५ अंश. खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो आणि व्हीआरमध्ये फोन पडदा, प्रोसेसर आणि सेन्सर तिन्ही एकदम राबवतो, तेही बंद डब्यात. तापलेला फोन स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. साठ हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. थंड लॅबमध्ये तुमचे चित्र बारा मिलिसेकंदांत होत असेल, पण पंचायतीच्या पत्र्याखाली दहा मिनिटांनी तेच पंचवीसवर जाईल. त्याच क्षणी बघणाऱ्याला मळमळ सुरू होते. एसीमध्ये पास झालेला व्हीआर शिरपुरात पास झाला असे मी मानणार नाही. सलग वीस मिनिटे चालवा, चित्राला लागणारा वेळ फाइलमध्ये नोंदवत राहा आणि तो वाढू लागला की पाण्याच्या पृष्ठभागाची चकाकी आधी बंद करा. ती सर्वांत जास्त खाते आणि तुमच्या विषयाला तिचा काडीचा उपयोग नाही, पाणी तर जमिनीखाली चालले आहे. चित्रांच्या फाइली केटीएक्स-२ या प्रकारात ठेवल्यात तर संगणक आणि फोन आपापल्या पचनी पडेल तशा त्या उघडतात, फोनची मेमरीही वाचते.

एवढे करूनही निम्म्याहून जास्त पैसे उरतील. त्यातून शेवटच्या आठवड्यात क्वेस्ट दोन दिवस भाड्याने मिळतो का बघा, किंवा एखाद्या कॉलेजच्या लॅबमध्ये वेळ मागा. तोवर साध्या चुका संपलेल्या असतील आणि ते दोन दिवस खऱ्या कामाला येतील. गाइडना दाखवायला एक तक्ता करा : उभ्या रांगेत पाच प्रणाली, आडव्या रांगेत अपेक्षा, आणि प्रत्येक चौकोनात ‘कशावर तपासले’. एम्युलेटर, उसना मॅक, स्वतःचा फोन, जे असेल ते खरे लिहा. परीक्षकाला हिरव्या टिकांपेक्षा तो रकाना जास्त पटतो.

प्रश्न : सॅमसंग आणि एचपीचे वापरलेले विंडोज हेडसेट फार स्वस्तात मिळतायत. घेऊन ठेवावेत का?
— एक संगणक दुरुस्तीवाले, धुळे

उत्तर : स्वस्त का मिळतात ते आधी ऐका. ते बहुधा विंडोज मिक्स्ड रिॲलिटी या घराण्याचे आहेत. मायक्रोसॉफ्टने ती प्रणाली २०१७ मध्ये आणली, डिसेंबर २०२३ मध्ये ती बंद होत असल्याचे जाहीर केले आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून काढून टाकली. म्हणजे हेडसेट धडधाकट, काचा स्वच्छ, पण विंडोज अद्ययावत केले की ते त्याला स्वतःहून ओळखत नाही. गिऱ्हाइकाला विकलात तर दुसऱ्या दिवशी तो तुमच्या दुकानात उभा राहील. भिंगांचे किंवा पडद्याचे सुटे भाग म्हणून घेत असाल तर गोष्ट वेगळी.

वापरलेली वस्तू घ्यायचीच तर तिच्यात किती ताकद आहे यापेक्षा तिला अजून कोण सांभाळतो ते बघा. आपल्याकडे याचा मोठा दाखला आहे. केंद्र सरकारच्या ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ प्रकल्पातले कितीतरी प्रयोग फ्लॅश आणि जावा ॲपलेटमध्ये बनले होते. ब्राउझरांनी ॲपलेटला दार बंद केले, ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशही संपले, आणि ते प्रयोग जावास्क्रिप्टमध्ये पुन्हा लिहावे लागले. भौतिकशास्त्रात काहीही बदलले नव्हते.

प्रश्न : शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मुलांना व्हीआर दाखवावा का? पाचवीची मुलेही येतात.
— एक शिक्षिका, चोपडा

उत्तर : दाखवा, पण थोडा वेळ. मेटाने आपल्या हेडसेटसाठी दहा वर्षांची मर्यादा घातली आहे, सोनीने बारा. पुठ्ठ्याच्या डब्यासाठीही गूगलची सूचना मोठ्यांच्या देखरेखीची आहे. मुलांच्या डोळ्यांमधले अंतर कमी असते आणि स्वस्त डब्यातली भिंगे हलत नाहीत, त्यामुळे लहान मुलाला चित्र दुहेरी दिसू शकते. डब्याला डोक्याचा पट्टा लावू नका, हाताने धरायला द्या. नको वाटले की मूल आपोआप हात खाली घेते. फिरत्या खुर्चीवर बसवा, दोन मिनिटांत उठवा, प्रत्येकानंतर डब्याची कड पुसा, आणि दृश्य असे निवडा की त्यात बघणारा उभा राहतो, पळत नाही. बाजूला एका पडद्यावर तेच दृश्य सर्वांना दिसू द्या, म्हणजे रांगेतल्यांना कंटाळा येत नाही आणि आत काय चालले आहे ते तुम्हालाही कळते. फोन दोन ठेवा, एक चालू आणि एक पंख्याखाली.